टीव्हीवर लावलेला गुलाल

अन् मले विचारायले आले कशाचं, तर विनोदाचं! मले! ज्या माणसाच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोत कोणाले त्याचा एक दात दिसला नाही, त्याले विचारते की बाबाराव, यंदा हसवण्याचं बक्षीस कोणाले भेटन... आता तुम्हीच सांगा राजेहो, हा काय मले विचारायचा विषय झाला? पण विचारलं. अन् मी सांगितलं. तिथंच घोळ झाला.

थांबा, आधी एक सांगा. तुम्ही चौघंही राजूरचेच ना? ट्रॅक्टर पाहायले आलते म्हणता, अन् पसंत नाही पडला. बरं झालं, इथला जुना ट्रॅक्टर घेऊच नका. दारव्ह्यात कोणी सोयरं-धायरं? नाही? मंग सांगतो. ही जीप काही अर्धा तास हालत नाही. गुलाबसिंगची जीप हाय, चौदा माणसं भरल्याशिवाय तो चावीले हात लावत नाही, अन् आपण झालो पाच. तो तिकडे पानठेल्यावर उभा हाय तवरच सांगून टाकतो. कारण तुम्हाले सांगतो, हे दारव्ह्यात मले कोणाले सांगता येत नाही. सांगितलं तर पोट्टीचं बक्षीस लहान होते अन् माहं तोंड मोठं होते. दोन्ही मले नको.

तर माहं नाव बाबाराव. शिकलो चौथीपर्यंत, तेही मास्तर दयाळू होता म्हणून. पण शंकरपट कळते मले. बैल कळतो. शर्यतीत बैलजोड्या धावायच्या आधी मी सगळ्याईच्या भोवती एकेक चक्कर मारतो. खूर पाहतो, नाकपुडी पाहतो, कान कुठं हाय ते पाहतो. तोंडानं काही म्हणत नाही. मंग एका जोडीच्या कपाळाले गुलाल लावतो अन् माह्या दगडावर जाऊन बसतो. तो गुलाल म्हणजे माहा बोल. पंचवीस पट झाले, मधे कायद्यानं पट बंद होते ती वर्षं सोडून. पंचवीसच्या पंचवीस खेपा गुलालवालीच जोडी पहिली. फुशारकी नाही मारून राह्यलो, कोणालेही विचारा... म्हणजे आता नका विचारू. आता काय सांगतीन ते पुढे येते.

अन् आमच्याकडे एक रीत हाय, ती ध्यानात ठेवा, कामी पडते. एकदा बोल निघाला की त्या जोडीच्या नावानं कोणी ओरडत नाही. हाताची घडी घालून गप उभं राह्यचं. हारणाऱ्या जोड्याईच्या मागे लोकं बोंबलते, टोप्या उडवते, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या सात पिढ्या काढते, अन् गुलालवाली जोडी सुटली की सामसूम. नुसते खूर वाजते. काहून? तर ओरडणं म्हणजे बोलावर शंका घेणं. बोल निघाला, आता बैलाले काय सांगता? बोल म्हणजे बोल.

आता दुसरीकडून ऐका. आमच्या गल्लीच्या टोकाले, माह्या घराले लागून, सरदार मिस्त्री. पंपाच्या मोटारी बांधते. हात असा की जळालेली मोटार त्याच्या दुकानात जाते अन् लाजून सुरू होते. त्याची पोट्टी गुलनार. लहानपणी पटाच्या दिवशी भिंतीवर चढून बसे, अन् पोट्टे बैल पाहत तर ही मले पाहे. मले वाटे, असन पोट्टीले काही खुळ. मंग यवतमाळले कॉलेजात गेली, तिथं नाटकात शिरली, तिथून मुंबई. अन् एका शनिवारी सरदार धावत आला की भाऊ, गुलनार टीव्हीवर!

तो शनिवारचा हसवायचा कार्यक्रम असते ना, त्यात. त्यात घरची मंडळी वेगळी, दर हप्त्याले तीच ती. अन् पाहुणे वेगळे, एक-दोन खेपा येऊन हसवून जाणारे. गुलनार तीन खेपा गेली. वर्षाच्या शेवटी तो चॅनेल बक्षिसं वाटते, त्यात पाहुण्या कलाकारांचं एक वेगळं बक्षीस. त्यासाठी पाच नावं काढली. पाचात आमची गुलनार. अन् निकाल लोकांच्या मतावर. मोबाईलवर मत द्यायचं, एका नंबराले एक मत, गुरुवारी संध्याकाळी सहाले बंद. हे सगळं मले नंतर कळलं बरं का. मले वाटलं, बक्षीस हाय तर कोणी जाणता माणूस बसून देत असन. जसा पटात पंच असते.

सदाशिवरावचं हॉटेल हाय इथं, मागे, त्या लिंबाजवळ. तिथं रोज भांडण. कोणी म्हणे तो दाढीवाला जिंकते, सिनेमातला हाय. कोणी म्हणे गुलनारच. आठ दिवस चहा थंडा करून भांडले. शेवटी सदाशिवराव म्हणे, कायले घसा कोरडा करता, बाबारावले विचारा. मी म्हटलं, विनोद हा काय बैल हाय का? तर तो म्हणे, 'बैल नसन, पण धाव तर हाय ना? पाच सुटते, एक पहिला येते.'

पकडलं ना मले! धाव म्हटल्यावर मी काय बोलू?

तीन दिवस पाह्यलं. घरीच, नातीच्या मोबाईलवर. प्रियंका नाव तिचं, बारावीले हाय. एका बाजूले ती, एका बाजूले माही बायको तुळसा. तुळसाले हसायले कारण लागत नाही. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी हसते. पहिल्या पाहुण्यानं तोंड उघडलं अन् ही पडली माह्या खांद्यावर. मी म्हटलं, आवाज बंद कर. प्रियंका म्हणे, आजोबा, आवाज बंद केला तर विनोद कसा कळन? मी म्हटलं, मले विनोद पाहायचा नाही, चाल पाहायची हाय. बैल काय बोलून धावते?

तर राजेहो, मी पाचही विनोदवीर मुके पाह्यले. कोणी पाह्यले नसन असे पाह्यले. तो दाढीवाला, सिनेमातला, आल्या आल्या धपकन पडते, उठते, पुन्हा पडते. मी म्हटलं, हा सुरुवातीलेच दम काढून राह्यला, अर्ध्यात फेस येईन. दुसरी एक बाई, चांगली, अंगकाठी चांगली, पण लोकाईच्या आधी स्वतःच हसते. बैल एकदा लोकाईकडे पाहायले लागला की धाव गेली. तिसरा सारखा ओठ चाटे. प्रियंका म्हणे तो ॲक्टिंग करून राह्यला. मी म्हटलं, नाही, तो पाठ केलेलं विसरला. आवाज लावून पाह्यलं तर खरंच विसरलता. चौथा धिप्पाड, पण टाच जड. अन् पाचवी गुलनार.

तुम्हाले सांगतो... ती हालतच नव्हती. बाकीचे तिच्या आजूबाजूले लोळून राह्यले, टेबल पाडून राह्यले, अन् ही खुंट्यासारखी उभी. नजर समोर. श्वास एका लयीत. पापणी नाही लवली. असा बैल मी जन्मात दोनदा पाह्यला. तिनं म्हाताऱ्याचं सोंग घेतलतं. नातीसाठी नवरदेव पाहायले आलेला म्हातारा. तो नवरदेवाभोवती चक्कर मारते. वाकून त्याची टाच पाहते. नाकपुडी पाहते. कान ओढून पाहते. बोलत काहीच नाही. अन् शेवटी नवरदेवाले सोडून त्याच्या बापाच्या कपाळाले गुलाल लावते.

मी म्हटलं, हा कोण आडमुठा म्हातारा काढला इनं? तोंडावर हसू म्हणून नाही, कपाळावर तीन आठ्या. असा माणूस असते काय कुठं?

तुळसा तोंडात पदर कोंबून भिंतीकडे वळली. खांदे हालून राह्यले तिचे. मंग म्हणे, 'आरसा आणू का?'

मी त्या दिवशी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण बोललो नाही. लहानपणी भिंतीवरून मले पाहून पोट्टीनं हे केलं? अख्ख्या महाराष्ट्रापुढे माह्या आठ्या? पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा पाह्यलं, एकट्यानं, तेही मुकं. अन् काय सांगू... बरोबर होतं. चक्कर मारताना मी डावा पाय जरा ओढतो, तेही बरोबर होतं. राग येणं वेगळं अन् बैल ओळखणं वेगळं. माहा निकाल झाला.

बाजाराच्या दिवशी हॉटेल भल्लं भरलं. टीव्हीवर तोच जुना भाग लागलता. मी चिमटीत गुलाल घेऊन टीव्हीपुढे उभा. पटात कसं, बैल समोर असते, कपाळ जागच्या जागी असते. इथं कपाळ हालते! गुलनार आली, मी हात उचलला, हात काचेपर्यंत पोचला तवर गुलनार गेली अन् दंतमंजनाची जाहिरात आली. गुलाल लागला दातावर. मंग सदाशिवराव म्हणे, 'चालते, तिच्याच कपाळाचा हाय.' सरदार मिस्त्रीनं माहे पाय धरले. मी म्हटलं, पाय सोड, बोल निघाला. बोल म्हणजे बोल.

तो गुलाल पुसायची कोणाची हिंमत! आठ दिवस टीव्हीवर जो येईन त्याच्या तोंडाले गुलाल. बातम्या सांगणारी बाई आली, गुलाल. पनीरची भाजी शिकवणारी आली, गुलाल. एक पुढारी आला, निवडणुकीत पडलेला बिचारा, रडकुंडीले येऊन बोलून राह्यला अन् कपाळाले हा ठसठशीत गुलाल. इतका शोभला की दोघा-तिघांनी हॉटेलात टाळ्या वाजवल्या.

आठ दिवस माही कॉलर ताठ. अन् बुधवारी दुपारी सरदार घरी आला. मले जयभीम घातला, मी सलाम केला, बसला. म्हणे भाऊ, शिरखुर्मा किती लिटर दुधाचा करावा? गल्लीपुरता की सगळ्या दारव्ह्याले? रविवारी संध्याकाळी निकाल दाखवते, सोमवारी वाटायचा. मी म्हटलं, कर वीस लिटरचा. अन् बोलता बोलता, सहज, पायाले खाज आली म्हणून खाजवावं तसं विचारलं, 'ते मोबाईलचं मत का काय म्हणते प्रियंका, ते देऊन झालं ना तुहं?'

'कायले?' सरदार म्हणे. 'तुमचा बोल निघाला ना भाऊ. मामला खतम.'

मी म्हटलं, अबे, तू बाप हायस तिचा! तर तो म्हणे बाप हाय म्हणूनच नाही दिलं. मत देणं म्हणजे तुमच्यावर शंका घेतल्यासारखं झालं असतं. अस्मानं मोबाईल काढलता, पोट्टीची माय म्हणून राहवलं नाही तिले, पण मीच हात धरला. म्हटलं, बाबारावचा अपमान नको.

चप्पल घातली, हॉटेल गाठलं. सदाशिवराव, मत दिलं? कायले? टेलर, मत दिलं? कायले बाबाराव? जिनिंगवरचे हमाल बसलते चहाले, बारा जण, बाराच्या बारा म्हणे कायले? तुम्हाले सांगतो राजेहो, अख्ख्या दारव्ह्यानं हाताची घडी घातलती. बोल निघाला, आता ओरडायचं नाही. घरी आलो, प्रियंकाले म्हटलं, दाखव त्या मोबाईलवर कोण कुठं हाय. दाढीवाला पहिला. मंग ती हसणारी बाई. मंग तो धिप्पाड. पाठ विसरलेला चौथा. अन् पाचात पाचवी गुलनार. मी म्हटलं, आपल्या घरचं मत? पोट्टी खाली पाहून म्हणे, 'आजोबा, तुम्हीच तर गुलाल लावलता.'

माह्या घरात हाताची घडी!

तवा डोक्यात उजेड पडला. बैलाले मत लागत नाही. बैल त्याच्या पायानं धावते, तुम्ही ओरडा नाही तर झोपा. या पोट्टीचे पाय मुंबईत, अन् तिची धाव आमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये. अन् ते खिसे माह्या बोलानं शिवून टाकले. जिंकणारी पोट्टी मी हारवून राह्यलो. मी! जिंकते म्हणून!

मंग मी सांगत फिरलो. मत द्या. सरळ सांगितलं, देऊन टाका, मी सांगतो ना. तर काय झालं? सदाशिवराव गालातल्या गालात हसते अन् म्हणते, 'बाबाराव, परीक्षा पाहून राह्यले का आमची? शंभरदा म्हणा, आमचा हात मोबाईलले लागत नाही.' टेलर म्हणे, एवढा भरवसा नाही का आमच्यावर? एका हमालानं तर कानाले हात लावले. जेवढं सांगावं तेवढी घडी घट्ट. काय करता? लोकाईले आपल्यावर विश्वास बसवायले पंचवीस वर्षं लागते, अन् तो उतरवायचा म्हटला तर उतरत नाही.

गुरुवारी सकाळी तुळसा मिरच्या निवडत बसलती. मी जवळ जाऊन बसलो. असा मी बसत नाही कधी. म्हटलं, तुळसा, बोल मोडला तर?

तिनं वर पाह्यलं नाही. म्हणे, 'पंचवीस वर्षं सांभाळला तुम्ही तो. पोटच्या पोरापेक्षा जास्त सांभाळला.' मंग एक सडकी मिरची बाजूले टाकली. 'पण ती पोट्टी काय घेऊन गेली मुंबईले? बापाच्या दुकानातून तारेचा तुकडा नाही नेला तिनं. तुमच्या आठ्या नेल्या.' मी दुपट्टा खांद्यावर टाकला. ती म्हणे, 'जाता की चहा ठेवू?'

गेलो.

दहा वाजलते. हॉटेल भरलतं. टीव्हीवर कोणी तरी योगासनं करून राह्यलं होतं, पाय वर, गुलाल मधात. मी आत शिरलो, खांद्यावरचा दुपट्टा काढला, सदाशिवरावच्या माठातलं पाणी घेतलं अन् काचेवरचा गुलाल पुसला. चांगला घासून पुसला.

मी वळलो. म्हटलं, 'मी चुकलतो. ती पोट्टी हारते. दाढीवाला जिंकते.'

सरदार कोपऱ्यात बसलता. हळूच उठला. तो माणूस कधी आवाज चढवत नाही, अन् त्या दिवशीही नाही चढवला. जवळ आला अन् म्हणे, 'भाऊ, माही पोट्टी हारते म्हटलं तुम्ही?'

'म्हटलं.'

'अख्ख्या हॉटेलात?'

'हो.'

'परत घ्या.'

आता सांगा, काय सांगू त्याले? त्याच्या डोळ्यात पाणी, माह्या हातात लाल झालेला दुपट्टा. तीस वर्षांची शेजारदारी. ईदचा डबा अन् दिवाळीचा फराळ ज्या भिंतीवरून जाते-येते, तिच्या दोन बाजूले आम्ही दोघं. मी गळा साफ केला अन् म्हटलं, 'बोल म्हणजे बोल.'

मंग जे झालं ते पाहायले पाहिजे होतं तुम्ही! सरदारनं तिथंच मोबाईल काढला अन् पहिलं मत दिलं. बोट असं दाबलं की मले वाटलं काच फुटते. सदाशिवराव म्हणे, म्हातारा चळला, पोट्टीनं नक्कल केली म्हणून डूक धरलं यानं! तिथल्या तिथं पाटीवर खडूनं लिहिलं: मत दाखवा, चहा घ्या. अन् खाली लिहिलं: बाबारावले चहा बंद. हाच गुलाबसिंग, हा आता पानठेल्यावर उभा हाय ना, हा त्या दिवशी मत दिल्याशिवाय कोणाले जीपमध्ये चढू देत नव्हता. एका म्हातारीकडे मोबाईल नव्हता, तर तिले म्हणे माह्या फोनवरून पोराले लाव, त्याले द्यायले सांग, तवर मी थांबतो. बचत गटाच्या बायाईनं सभा सोडून मतं दिली. टेलरनं ज्याईचे कपडे शिवायचे राह्यलते त्या सगळ्याईले सांगितलं, मत द्या, उद्या कपडे देतो. दिले नसन, पण मतं घेतली.

पण एकट्या दारव्ह्याच्या मतानं काय होते? होते काय, तर बातमी पसरली. बाबारावनं बोल मोडला, अन् नव्या बोलात म्हणे दाढीवाला. राजेहो, पंचवीस पटात मी पंचवीस जोड्याईले गुलाल लावला. म्हणजे न लावलेल्या किती असतीन? हिशोब करा. महागावचे, पुसदचे, दिग्रसचे, पार वाशिमकडचे. ज्याईच्या बैलाले पाहून मी मान फिरवली, त्याईच्या मनात तो काटा तसाच होता. एकेक जण पंचवीस वर्षं वाट पाहून राह्यलता की हा म्हातारा एक डाव तोंडावर पडला पाहिजे. अन् आता नामी डाव सापडला! महागावच्या एका धुरकऱ्यानं म्हणे अख्खा गाव पारावर बसवला अन् एकेकाच्या मोबाईलवर मत घेतलं. त्याले गुलनार कोण माहीत नाही. तो कार्यक्रम त्यानं पाह्यला नाही. त्याले फक्त मले पाडायचं होतं. सहा वाजायले पाच मिनिटं असताना प्रियंका पळत आली, आजोबा, पाचवीची दुसरी झाली! मंग सहा वाजले अन् तो आकडा झाकला. रविवारपर्यंत काही कळायचं नव्हतं.

ते तीन दिवस कोणालेही न येवो. गल्लीत मले पाहून लोकं खिडकी लावे. सरदारकडून जयभीम नाही, माह्या सलामाले जवाब नाही. अन् माह्या मनात एकच, जर ती आता हारली तर? मंग माहा बोल खरा. सव्वीसच्या सव्वीस! नाव राहीन, अन् ते नाव घेऊन मी सरदारच्या दारापुढून जाऊ कसा? तुम्हाले सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी मनातल्या मनात म्हटलं, चूक बाप्पा, एवढ्या डाव चूक.

रविवारी संध्याकाळी सात वाजता हॉटेलात पाय ठेवायले जागा नाही. मी बाहेरच्या बाकड्यावर, लिंबाखाली. चहा बंद. खिडकीतून टीव्ही अर्धा दिसे. बाकी बक्षिसं झाली, नाच झाले, जाहिराती झाल्या, एका जाहिरातीत तर मले वाटलं माहा जीव जाते. मंग पाहुण्या कलाकारांचं निघालं. एका मोठ्या माणसानं पाकीट फोडलं, कागद काढला, अन् कागद उलटा धरला. उलटा! सरळ केला. अन् वाचलं, 'गुलनार सरदार...'

पुढचं ऐकूच नाही आलं. हॉटेलाचे पत्रे उडाले म्हणा. ती स्टेजवर आली, हिरवा ड्रेस, बक्षिसाची ती बाहुली हातात घेतली. खुंट्यासारखी उभी. म्हणे, 'आमच्या दारव्ह्याले एक बाबा हायेत. त्याईचा बोल कधी खाली पडला नाही. त्याईनं सांगितलतं की मी हारते. बाबा, तुमचा बोल पहिल्यांदा माह्यामुळे चुकला. माफ करजा.' अन् अख्ख्या महाराष्ट्रापुढे हात जोडले.

म्हणजे आता जो कोणी टीव्ही पाहते त्याले माहीत, बाबाराव चुकला. पुरावा पाहिजे तर मोबाईलवर हाय, पाहा कवाही.

अन् मले काय झालं माहीत हाय? छातीवरून जातं उतरलं. हलकं. असं हलकं की बाकड्यावर बसलेलो कळेना. अन् कुठून तरी पोटातून काही तरी वर आलं, घशात अडकलं अन् बाहेर पडलं. हसू हो! सत्तर वर्षं साठवलेलं. सवय नाही ना, मंग ते थांबे ना. डोळ्यातून पाणी, खांदे हालून राह्यले, अंगोछा नाही म्हणून तोच लाल दुपट्टा तोंडाले लावला. आतून लोकं बाहेर आले अन् पाहते तर काय, म्हातारा लिंबाखाली दुपट्ट्यात तोंड घालून हमसून राह्यला. सगळ्याईले वाटलं, रडते. बोल गेला म्हणून रडते.

सदाशिवरावनं स्वतःच्या हातानं चहा आणून दिला. पाटीवरची खालची ओळ बाहीनं पुसली. अन् सोमवारी सरदार दारात आला, हातात शिरखुर्म्याचा वाडगा. मी मान खाली घातली, कारण वर केली तर पुन्हा हसू येते. तो माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, 'भाऊ, माणूस चुकते. मनाले लावून घेऊ नका. मी माफ केलं.'

मले माफ केलं! पहिला गुलाल कोणाचा होता? कोणी पुसला, कायले पुसला? हे सगळं जिभेच्या टोकावर आलं. मागे तुळसा उभी होती. तिनं फक्त माह्याकडे पाह्यलं. मी वाडगा घेतला. खाल्ला. गोड होता. तो दुपट्टा तिनं पाच डाव धुतला, लाली जात नाही. मी तोच वापरतो.

बस, इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण लोकं! मंगळवारी सकाळी एक बाई पोराले घेऊन दारात. म्हणे बाबा, याची दहावी हाय, हा नापास होते म्हणा ना. मी म्हटलं, काहून? तर म्हणे तुम्ही गुलनारले हारते म्हटलं अन् ती जिंकली, आता याचंही भलं करा. म्हटलं. दुसऱ्या दिवशी सरपंचकीले उभा राहणारा एक जण. म्हणे माहं डिपॉझिट जाते म्हणा. चारचौघात म्हणा. म्हटलं. एक जण बायको माहेराहून येत नाही म्हणा म्हणून आला, त्याले म्हटलं अन् ती दुपारच्याच जीपनं आली, सोबत सासू घेऊन. तो आता मले शिव्या देते. अन् मागच्या महिन्याच्या पटात मी गुलाल घेऊन उतरलो तर बैलवाले बैल घेऊन पळे! एक जण पाया पडला, 'बाबाराव, माह्या जोडीले हात नका लावू, वाटल्यास तिच्यावर थुका.' पंचवीस वर्षं ज्या चिमटीची लोकं वाट पाहत, ती चिमूट मी खिशात घेऊन परत आलो.

राग येत नाही म्हणत नाही. येते. पण संध्याकाळी सरदारच्या दुकानावर बसतो, तो मोटार बांधते, भिंतीवर गुलनारचा बाहुली घेतलेला फोटो, त्यात तिच्या कपाळावर तीन आठ्या... माह्या. जाते राग.

शू... आला गुलाबसिंग. हे आपल्या आपल्यात ठेवा. आता हा काय म्हणन ते मले माहीत हाय. रोजचंच हाय त्याचं. पाहा... ऐकलं? 'बाबा, आज माही जीप भरत नाही म्हणा ना.' काय करता, कोणाले कोणाले नाही म्हणता...

नाही भरत बाप्पा, गुलाबसिंग, आज तुही जीप. संध्याकाळपर्यंत नाही भरत. जाय.

...आता सरका. सरका तिकडे जरा, पाय घ्या आत. ते पाहा, त्या लिंबाखालून नऊ जण पिशव्या घेऊन पळत येऊन राह्यले.